ते नऊ डाव

शेलारांनी पत्र्याची ट्रंक माझ्या जेवणाच्या टेबलावर उपडी केली आणि पोस्टकार्डांचा ढीग घसरत थेट वरणाच्या पातेल्यापर्यंत आला.

“सात वर्षांचे निकाल आहेत,” ते म्हणाले. “अकराशे बासष्ट कार्डं. मोजून आणलीत.”

“सुभेदार, मी जेवतेय.”

“जेवा की. कार्डं कुठं पळून जातायत?”

शेलार सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. साताऱ्यात आमच्या कॉलनीत तीन घरं सोडून राहायचे. निवृत्तीनंतर माणसं बागेत गुलाब लावतात, यांनी एक युद्धाचा खेळ तयार केला होता. त्याचं नाव ‘खिंड’. मोठ्या कागदावर डोंगर, नदी आणि एक घाट, सगळ्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, प्रत्येक घराला एक अंक आणि एक अक्षर. एका खेळाडूनं घाट अडवायचा, दुसऱ्यानं तो ओलांडायचा. समोरासमोर बसून खेळणारे थोडेच. बाकी सगळे गावोगावचे लोक पोस्टानं खेळत. दर आठवड्याला एक कार्ड, “माझी तिसरी तुकडी बारा-ग मध्ये नेली,” असं. तीन महिन्यांत डाव संपायचा. असे साठेक वेडे अकोल्यापासून सावंतवाडीपर्यंत पसरले होते, आणि त्यांच्यासाठी शेलार दर महिन्याला ‘खिंड-वार्ता’ नावाचं चार पानी सायक्लोस्टाइल पत्रक काढायचे.

मला या खेळात काडीचाही रस नव्हता. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि तेवढ्याच कारणावरून शेलारांनी मला पकडलं होतं.

“बंगळूरलाही ‘खिंड’ खेळणारं एक मंडळ आहे, त्यांचं आमंत्रण आलंय,” ते खुर्ची ओढून बसले. “फेब्रुवारीत, बेळगावला. आपले सहा, त्यांचे सहा. समोरासमोर. आता मला सांगा, सहा जण निवडायचे कसे? मागं एकदा मी मनानं नावं काढली, तर तिघं मंडळ सोडून गेले. एकजण अजून माझ्याशी बोलत नाही.”

“मग आता?”

“आता मला असा आकडा पाहिजे की ज्याच्याशी भांडता येणार नाही.”

“आकड्याशीही भांडता येतं,” मी म्हटलं. “फक्त त्याला गणित यावं लागतं.”

“मग आमच्यातलं कुणी भांडणार नाही,” शेलार समाधानानं म्हणाले आणि माझ्या ताटातला एक पापड उचलून निघून गेले.

हे ब्याण्णव सालच्या दिवाळीनंतरचं. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि आकडे कधी खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात, असं वर्गात छातीठोकपणे सांगत असे. विद्यार्थी वहीत लिहूनही घेत.

पद्धत मी साधी ठेवली. सगळ्यांची सुरुवात एक हजार गुणांपासून. जिंकलात तर गुण वाढणार, हरलात तर तेवढेच कमी होणार. आपल्याहून वरच्याला हरवलं तर जास्त मिळणार, खालच्याला हरवलं तर चिमूटभर. बुद्धिबळवाल्यांकडे असं काहीतरी असतं हे मला माहीत होतं. अवघड जागा एकच होती. जुने निकाल किती लवकर विसरायचे? फार लवकर विसरलं तर दोन महिने नशीब फळफळलेला माणूस वर जाऊन बसतो. विसरलंच नाही तर सात वर्षांपूर्वीचा शूर आजही शूर ठरतो. मी तीन आठवडे चौकटीचे कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन त्यावर घासाघीस केली आणि शेवटी एक वेग ठरवला. तो ठरवला तेव्हा कोणाचा आकडा कुठं पडतो हे मी मुद्दाम पाहिलं नाही. त्याचा मला अभिमान होता.

मग प्रत्येक मोठ्या खेळाडूचा आलेख काढला. बहुतेकांचे आलेख वेडेवाकडे, वर-खाली, पण एकाच माणसाचे वाटावेत असे होते. एक मात्र खटकला.

भूपाल चौगुले, आष्टा, जिल्हा सांगली. पहिली चार वर्षं सव्वीस डाव, त्यांतले एकवीस जिंकलेले. आकडा बाराशे छत्तीस, सगळ्या मंडळात सर्वांत वर. मग नव्वद साली ओळीनं नऊ पराभव, तेही कोणाकोणाकडून! नवशिक्यांकडून. त्यानंतर हळूहळू चढण. आधी कच्च्या खेळाडूंवर विजय, पक्क्यांकडून मार. मग मधल्यांशी बरोबरी. मग मधल्यांवर विजय. आणि शेवटच्या वर्षात पहिल्या दहांतल्या चौघांना चीत केलेलं.

मी शेलारांना बोलावलं. ते आले, चष्मा लावून आलेख बघितला.

“हां, चौगुले. सर्व्हेअर होते, जमीन मोजणीत. नव्वदच्या आधीच्या दिवाळीत त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून कार्डं सून लिहिते. बघा, प्रत्येक कार्डावर वर लिहिलेलं असतं, ‘मामांच्या सांगण्यावरून’. सासऱ्याला मामा म्हणतात तिकडं.”

“म्हणजे आजारपणात हरले आणि मग सुधारले?”

“तसंच.”

“नाही, सुभेदार. ज्याला पोहता येतं तो आजारातून उठला की दोन-चार दिवस हातपाय मारतो आणि पोहायला लागतो. हा माणूस पायरी पायरीनं पोहायला शिकलाय. ही चढण नवशिक्याची आहे.”

शेलारांनी चष्मा काढून पुसला.

“एक सांगू? चौगुले घाट धरून बसायचे. हलायचे नाहीत. समोरचा कंटाळून चूक करेपर्यंत थांबायचे. आता ते नदीच्या बाजूनं वळसा घालून येतात. मला वाटलं, आजारपणात माणसाचा स्वभाव बदलतो.”

“स्वभाव बदलत नाही. माणूस बदललाय.”

मी पत्र लिहून विचारू शकले असते. पण उत्तर त्याच अक्षरात येणार होतं. तेव्हा रविवारी सकाळची एसटी पकडून मी आष्ट्याला निघाले. निघण्यापूर्वी सगळं गणित दोन तऱ्हेनं करून घेतलं. चढण सुनेची हे मी धरूनच चालले होते. प्रश्न फक्त मधल्या नऊ पराभवांचा होता. ते सासऱ्यांचे असतील तर सून हजारापासून सुरू होऊन अकराशे अठ्ठावन्नवर येत होती, म्हणजे पाचवी. ते तिचे असतील तर ती अकराशे वीसवर, म्हणजे सातवी. सहाव्याचे होते अकराशे एकतीस. चौगुले स्वतः बेळगावला जाऊ शकणार नव्हते, म्हणून क्रमात त्यांना धरलंच नव्हतं. अकरा गुणांचा प्रश्न होता, आणि तो सोडवायला मी जात होते. माणसं तिथं राहत असतील असा विचार मी फारसा केला नव्हता.

दार सुनेनंच उघडलं. तिशीची, ठेंगणी, पदर खोचलेला, हाताला शेंगदाण्याच्या कुटाची भुकटी.

“मी टिपणीस. साताऱ्याहून आले. सुभेदार शेलारांकडून.”

तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग तिनं ती आत ढकलली.

“या की. मी त्रिशला. मालक कारखान्यावर गेलेत, पाळी आहे. मामा आहेत आत.”

आतल्या खोलीत खिडकीपाशी कॉट, कॉटला लागून टेबल आणि टेबलावर प्लायवुडला चिकटवलेला ‘खिंड’चा नकाशा. भूपाल चौगुले उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडलेला. दाढी नीट केलेली, सदरा इस्त्रीचा. त्यांनी डाव्या हातानं मला नमस्कार केला आणि म्हणाले, “बरं.”

“एवढा एकच शब्द राहिलाय,” त्रिशला म्हणाली. “पण सगळ्याला पुरतो. कळतं आम्हाला.”

“बरं,” ते पुन्हा म्हणाले. या वेळी तो शब्द ‘चहा टाक’ असा होता, कारण ती लगेच आत गेली.

चहा झाला. मी आकड्यांची पद्धत समजावून सांगितली. म्हातारे लक्ष देऊन ऐकत होते. सर्व्हेअर माणूस, कागद समोर आल्यावर त्यांचे डोळे बदलले. आणि मग मी, शहाणी बाई, त्यांचा आलेख उघडून त्यांच्याच पुढ्यात ठेवला. आजही ते आठवलं की स्वतःच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्यांनी डाव्या हाताची तर्जनी रेघेवर ठेवली. सुरुवातीपासून वर गेली, बाराशे छत्तीसच्या टोकावर थांबली. मग खाली निघाली. पराभवाच्या प्रत्येक ठिपक्यावर ते बोट टेकत होते. एक, दोन, तीन... नऊ. तळाशी बोट बराच वेळ राहिलं. मग पुढची चढण त्यांनी एका दमात वर नेली आणि सुनेकडे पाहिलं.

“ही चढण तुमची आहे ना?” मी तिला विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, “होय. फसवायचं म्हणून नाही, मॅडम. पाच डाव अर्धवट होते. समोरच्यांची कार्डं येत होती. उत्तर नाही द्यायचं म्हणजे कसं दिसतं? म्हणून लिहीत गेले. मग गोडी लागली. मामा बघायचे, मान हलवायचे. दोघांचाच डाव समजा.”

“आणि हे मधले नऊ? ते कोण खेळलं?”

“मीच,” ती म्हणाली. एका क्षणाचाही वेळ न घेता.

“पण ते आजारपणानंतर लगेचचे आहेत. तेव्हा तुम्हाला खेळ येत होता?”

“येत नव्हता, म्हणून तर हरले. मामा बोटानं घर दाखवायचे, बरोबर दाखवायचे. मला मेलीला अक्षरं कळायची नाहीत. बारा-ग म्हटलं की मी चौदा-ग लिहायची. मामांचा खेळ चांगलाच होता, नास मी केला.” ती सासऱ्यांकडे वळली. “मामा, सांगितलं होतं की नाही मी तुम्हाला तेव्हाच? माझ्या डोक्यावर खापर फोडा म्हणून?”

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग अर्ध्या ओठांनी हसले आणि टेबलावर बोट दोनदा आपटून म्हणाले, “बरं.”

मला वाटलं, सुटले बिचारे. मलाही सुटल्यासारखं वाटलं. निकाल लागला होता: नऊ पराभव सुनेचे, चौगुल्यांचा आकडा बाराशे छत्तीसवर कायम. मी कागदावर तशी खूण केली. माझा आलेख त्यांनी मागून घेतला, नकाशाखाली सरकवून ठेवला.

त्रिशला मला स्टँडपर्यंत सोडायला आली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यांना वाट देत आम्ही कडेनं चालत होतो.

“मॅडम, त्यांच्या नावावर एकपण हार छापू नका हं,” ती म्हणाली. “पत्रक आलं की ते तासभर वाचतात. एकेक ओळ.”

“नाही छापत. पण तुम्हाला एक सांगायला हवं. ते नऊ तुमच्याकडे आले की तुम्ही सातव्या येता. अकरा गुण कमी पडतात. बेळगावला सहाच जण जाणार.”

ती थांबली. एक ट्रॉली पूर्ण निघून जाऊ दिली.

“आणि ते त्यांचे असते तर?”

“तर पाचव्या.”

“पाचवी,” ती म्हणाली. “साठ माणसांत.” मग पुन्हा चालू लागली. “माझं दहावीनंतर काही झालं नाही, मॅडम. लग्न झालं, संसार झाला, चांगला झाला. पण कशात माझा नंबर आलाय, असं नाही घडलं कधी. ज्या माणसांना मी हरवलं त्यांची तोंडं बघायची होती मला. एकदा तरी समोर बसून.”

“मग नीट आठवून सांगा,” मी म्हटलं. माझ्यातली मास्तरीण जागी झाली होती. “नऊच्या नऊ डावांत तुमची चूक? एखादा तरी त्यांचा असेल.”

“सगळे त्यांचेच आहेत,” ती म्हणाली.

मी रस्त्यातच थांबले.

“सातबारा वाचता येतो मला. बारा-ग कुठलं आणि चौदा-ग कुठलं, एवढं कळत नव्हतं होय? ज्या घरावर बोट ठेवलं तेच घर लिहिलं मी. दोन-दोनदा विचारून लिहिलं. तेव्हा मला खेळ येत नव्हता. नंतर शिकल्यावर ते डाव मांडून बघितले, तेव्हा कळलं. उघड्यावर तुकड्या नेऊन ठेवायचे, मॅडम. घाट मोकळा सोडायचे. जे माणूस चार वर्षं हललं नाही...”

तिनं पदरानं नाक पुसलं आणि रागावल्यासारखं बोलू लागली.

“आठवी हार झाली तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. तीन दिवस नुसता चहा. हात गेला तेव्हा रडले नव्हते, बोलणं गेलं तेव्हा नाही. तेव्हा रडले. नवव्या हारीचं कार्ड आलं आणि मी म्हटलं, मामा, चूक माझी होती, मी घरं उलटी लिहिली. काय बघितलं त्यांनी माझ्याकडं! आणि संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली. तेव्हापासून ते खोटं मी सांभाळतेय. आता तुम्ही ते छापायला निघालाय, तर माझ्या बाजूनं छापा.”

“मी खोटा आकडा छापू?” मला खरंच राग आला होता. “साठ माणसं त्यावर विश्वास ठेवणार आहेत.”

“आकड्याला काय होतंय, मॅडम? त्याला कुठं संध्याकाळी जेवायला बसायचंय?”

गाडी आली. खिडकीतून मी म्हटलं, “छापते.” तिनं हात जोडले. कऱ्हाड येईपर्यंत मी माझ्या मांडीवरच्या कागदांकडे एकदाही पाहिलं नाही.

शेलारांना मी सगळं सांगितलं, फक्त रस्त्यावरचं सोडून. त्रिशला चौगुले, नऊ पराभवांसह, सातवी. शेलारांनी कपाळावर हात मारला.

“अहो, तिच्यासारखा नदीवरून वळसा घालणारा दुसरा नाही माझ्याकडं! बंगळूरवाल्यांना फेस आणेल ती. मॅडम, तो विसरायचा वेग का काय म्हणता, तो जरा वाढवा की. जुने पराभव पुसट होतील. अकरा गुणच तर पाहिजेत.”

“ते जमणार नाही.”

“का?”

“मोजायची पट्टी एका माणसासाठी लांब-आखूड करायची नसते.”

हे मी अगदी करड्या आवाजात म्हटलं. पट्टीला हात न लावता मोजलेली वस्तूच बदलणारी बाई, मी, हे त्यांना सांगत होते. शेलारांना बिचाऱ्यांना ते पटलं. मी त्या रात्री यादी पक्की करून दिली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हिशेबावर सही करताना बाकीच्या आकड्यांशीही नजर मिळवता येईना.

गुरुवारी स्टेन्सिल कापायची होती. बुधवारी दुपारी शेलार सायकल तशीच अंगणात टाकून आत आले.

“हे बघा. आष्ट्याहून आलंय. काय आहे कळत नाही.”

निकाल कळवायला शेलार सगळ्या खेळाडूंना आपला पत्ता छापलेली कार्डं देऊन ठेवायचे, त्यांतलंच एक कार्ड होतं, दारावर येणाऱ्या पोस्टमनच्या हाती परस्पर दिलेलं असणार. मागच्या बाजूला एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. होता तो आलेख. माझाच आलेख, लहान करून उतरवलेला. पेन ठिकठिकाणी घसरलं होतं, ठिपके कुठं हरभऱ्याएवढे तर कुठं दिसतील न दिसतील असे. पण खालची आडवी रेघ आणि बाजूची उभी रेघ मात्र सर्व्हेअरच्या रेघा होत्या, पट्टी धरून काढलेल्या, सरळसोट. रेघ वर जात होती, टोकाला पोचत होती आणि खाली येत होती. खाली येणाऱ्या प्रत्येक ठिपक्यापाशी वाकड्या अक्षरात एकेक ‘भू’ होता. मी मोजले. नऊ. आणि जिथून चढण सुरू होत होती तिथं, जरा मोठं, ‘त्रि’.

शेलार माझ्याकडे पाहत होते. “काय म्हणतायत ते?”

दोन वर्षं त्या माणसाला ठाऊक होतं. ज्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, त्या संध्याकाळीही ठाऊक होतं. स्वतःचं बोट कुठल्या घरावर ठेवलं होतं हे त्यांना कळत होतं, आणि सून आपल्यासाठी काय करतेय हेही. तिचं मन राहावं म्हणून ते जेवले होते.

“ते म्हणतायत की नऊ डाव माझे आहेत,” मी म्हटलं. “यादी बदला. त्रिशला चौगुले पाचवी.”

“पण तुम्ही तर म्हणाला होतात...”

“मी खोटं बोलले होते, सुभेदार. आता खरं सांगतेय. ते कार्ड माझ्याजवळ राहू द्या.”

मी त्रिशलाला पत्र लिहिलं नाही. तीन-चार वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं. तिला दिलेला शब्द मी मोडला होता आणि का मोडला हे मला माझ्या अक्षरात सांगायचं नव्हतं.

फेब्रुवारीत बेळगावला एका शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती. शेलार कडक इस्त्रीच्या कपड्यांत सगळ्यांना उगाचच रांगेत उभं करत होते. त्रिशला नवऱ्याबरोबर आली. नवरा दारातच थांबला. ती तडक माझ्याकडे आली. हिरवी इरकली नेसली होती आणि डोळे नुसते पेटलेले.

“विश्वासानं सांगितलं होतं मी तुम्हाला,” ती म्हणाली. “तुम्ही ‘छापते’ म्हणालात. आणि नऊच्या नऊ त्यांच्या नावावर! अंक आला तो मी पिठाच्या डब्यामागं लपवला. त्यांना सांगितलं, या महिन्यात अंकच निघाला नाही. रोज विचारतात खुणेनं. रोज खोटं बोलतेय मी. इथं यायचंच नव्हतं मला. तुम्हाला एवढं बोलायचं होतं म्हणून आले.”

“बोला,” मी म्हटलं. “पण आधी हे बघा.”

तिनं कार्ड हातात घेतलं. आधी उलटं धरलं, मग सुलटं केलं. मी पाहत होते. तिचं बोट पहिल्या ‘भू’वर गेलं, मग दुसऱ्यावर. ती ओठ न हलवता मोजत होती. नवव्यावर बोट थांबलं, तिथून पुढं ‘त्रि’पर्यंत ते सरकायलाच तयार नव्हतं.

“हे कधी आलं?”

“तुमच्याकडून परत आले, त्यानंतरच्या बुधवारी.”

“पण एका हातानं त्यांनी...” ती म्हणाली आणि थांबली. अंगठ्यानं तिनं ती खालची आडवी रेघ चाचपली, जणू कागदावर ती उठून आली असावी. “पट्टी सरकू नये म्हणून वर वजन ठेवलं असणार काहीतरी.”

मागं शेलार नावं पुकारत होते.

“बत्ता,” त्रिशला म्हणाली. तिला हसू आलं आणि ते मधेच रडण्यात गेलं. “त्या आठवड्यात चटणी कुटायला घेतली तर खलात बत्ताच नाही. दोन दिवस शोधत होते, मॅडम. सगळं घर पालथं घातलं. मामांना पण विचारलं, मामा, बत्ता बघितलात का कुठं?”

“मग?”

“त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले.”